चार माणसांना दिसेल असा

"पन उनमा दिखस का?" सुंदरबाईंनी विचारलं.

आवेजने काउंटरवर मांडलेल्या तिन्ही प्लेयरकडे पाहिलं. हा प्रश्न आजवर कोणत्याच गिऱ्हाइकाने विचारला नव्हता.

"अक्का, प्रवासात बघायचा आहे ना? गाडीत कुठलं ऊन?"

"गाडी उभी ऱ्हास, मानूस खाले उतरस," उखर्डूनाना म्हणाले. "उनमा दिखाले जोयजे."

नवरा-बायको सकाळच्या एस.टी.ने धुळ्याला उतरून थेट आग्रा रोडवरच्या या दुकानात आले होते. प्रवासात सोबत नेता येईल असा व्हिडिओ प्लेयर पाहिजे, असं नानांनी दारातूनच सांगून टाकलं होतं.

आवेज तिन्ही प्लेयर घेऊन फुटपाथवर गेला. उन्हात एकाचा पडदा पाटीसारखा काळा पडला. तो बाद झाला.

"आवाज कसा पाहिजे?"

"नसना तरी चाली," नाना बायकोकडे बघत म्हणाले. "आवाज मन्हा घर गह्यरा शे."

"आनि आयकस कोन?" सुंदरबाई म्हणाल्या.

आवेज हसला. माणसं गमतीची होती. त्यांचे पैसे वाचावेत म्हणून त्याने मोबाईल सुचवला. त्यातही व्हिडिओ दिसतो, खिशात मावतो.

"मोबाईल एकच मानूस दखस," नाना म्हणाले. "चार मानसंले एकदम दिखाले जोयजे."

"कुठं जायचं आहे एवढं?"

"सोनगीर, नरडाना, शिरपूर. नहीतर मंग पाचोराकडे."

"हे तर सगळं जवळच आहे."

"गावेगाव उतरत जाऊत ना, भो."

लग्नसराईनंतरचे दिवस. पाहुण्यांच्या भेटी घेत फिरणार असतील, असं आवेजला वाटलं. उरलेल्या दोन प्लेयरवर चित्र लावून दाखवू का, असं त्याने विचारलं. तेव्हा सुंदरबाईंनी पदराच्या गाठीतून लाल मखमली बटवा काढला. त्याला सोनेरी गोंडा होता. आत पेन ड्राइव्ह होता आणि त्याला चिकटलेले हळदीच्या अक्षतांचे दोन दाणे. दाणे खाली पडले, तर सुंदरबाईंनी ते टिपून परत बटव्यात ठेवले.

पडद्यावर मांडव उभा राहिला. फेटेवाले आले, वाजंत्री आली. मग नवरी आली. हळदीने पिवळी झालेली, हनुवटीवर तीळ, कशाला तरी खुदकन हसणारी.

"थांब, आठेच थांब!" सुंदरबाई ओरडल्या. "तोंड मोठं व्हस का?"

एका प्लेयरवर चेहरा मोठा करताच त्याचे चौकोनी तुकडे झाले. दुसऱ्यावर मात्र तीळसुद्धा स्वच्छ दिसला. सुंदरबाईंनी नानांना कोपराने ढोसलं. नानांनी मान हलवली.

"गोड आहे पोरगी," आवेज म्हणाला.

"देखनी शे," सुंदरबाई म्हणाल्या. एवढ्या कौतुकाने म्हणाल्या की आवेजचं मुलीचं नाव विचारायचंसुद्धा राहून गेलं.

पुढे मंगलाष्टकं सुरू झाली. कॅमेरा मधेच मांडवामागे गेला. तिथे तुळशीपाशी एक बाई पाठमोरी बसून पाणी घालत होती. तिच्या कमरेला लाल मखमली बटवा होता, सोनेरी गोंड्याचा. आवेजने पडद्यावरचा बटवा पाहिला, मग काउंटरवरचा पाहिला.

"टायी लागनी," सुंदरबाई हळूच म्हणाल्या. पडद्यावर सगळा मांडव टाळ्या पिटत होता. "बठ्ठा गाव दखस. एक माय तेवढी दखत नही. ती बिचारी तुयशीजोगे बशेल ऱ्हास."

आवेजला हे ठाऊक होतं. त्याची सगळी गल्ली अशाच मांडवांची होती. लग्नाची टाळी लागते ती नवरीच्या आईने बघायची नसते. त्याच्या बहिणीच्या, रूहीच्या निकाहच्या वेळी त्याची अम्मीही मागच्या खोलीत तोंड लपवून बसली होती. तिला कोणी मनाई केली नव्हती, तरी.

"म्हणजे ही टाळी अजून बघितलीच नव्हती?"

"कशी दखी? मायले हाई दखाडनं शे. तेन्हासाठेच हाऊ बठ्ठा खटाटोप."

आवेजने मान वळवली आणि समोरच्या टपरीवाल्याला तीन चहा सांगितले.

"अक्का, मी हे व्हॉट्सॲपवर टाकून देऊ का? मुलीलाही पाठवता येईल."

"कोन्हा नंबरवर धाडशी?" नाना म्हणाले.

आवेजने हातातला फोन परत खिशात ठेवला. सासरशी बोलणं तुटलं असावं. अशा गोष्टी खोदून विचारू नयेत. एवढ्या हसऱ्या पोरीच्या नशिबी असं सासर यावं, याचं त्याला वाईट वाटलं. नाना मात्र बशीतला चहा फुर्र करून पीत होते, आणि सुंदरबाई त्यांना मिशा पुसायला सांगत होत्या.

तीळ दाखवणारा प्लेयर ठरला. बॅटरी दिवसभर टिकेल, अशी आवेजने खात्री दिली. चित्र कुठलं बटण दाबून थांबवायचं, चेहरा कसा मोठा करायचा, हे त्याने सुंदरबाईंकडून तीनतीनदा करून घेतलं. निघताना गळ्यात अडकवायचा पट्टा स्वतःकडून दिला.

"मुलगी भेटली की माझा सलाम सांगा, अक्का."

सुंदरबाईंनी नानांकडे पाहिलं.

"भेटनी ते नक्की सांगसूत, बेटा," त्या म्हणाल्या.

बसस्थानकावर शिरपूरची गाडी लागली होती. दारापाशी ही गर्दी. नानांनी पट्टा गळ्यात अडकवला, पडदा लोकांकडे केला आणि टोपी सरळ करून छाती पुढे काढून उभे राहिले. सुंदरबाईंनी शिकवलेलं बटण दाबलं. नवरी हसता हसता थांबली. भर उन्हात तिचा तीळसुद्धा दिसत होता.

सुंदरबाईंनी लाल बटवा वर धरला आणि गर्दीला हाळी दिली, "ओ भाऊ, ओ बाई, जराखी आठे दखा! हाई पोर कोन्ही शे, कोनी वळखस का? इन्ही माय हाऊ बटवा गाडीमा इसरी गयी!"