आठ बैठका जुना नळ

समितीच्या खोलीमागचा नळ मिनिटाला बेचाळीस थेंब गळत होता. रसायनशास्त्राच्या चैताली मॅडमनी ते घड्याळ लावून तीनदा मोजले होते. विद्यापीठाच्या हरित परिसर समितीत त्या नव्या होत्या; 'नळाचा वायसर बदलणे' हा विषय मात्र आठ बैठका जुना होता. दर वेळी चर्चा रंगात आली, की शिपाई लताबाई गरमागरम अळूवड्या आणत आणि विषय पुढच्या बैठकीवर जाई.

"गंगापूर धरणाचं पाणी वाया जातंय. आज निर्णय झाल्याशिवाय मी उठणार नाही," मॅडम म्हणाल्या.

"घेऊ की निर्णय," अध्यक्ष खैरनार सरांनी ताटली पुढे सरकवली. "आधी वडी घ्या."

मॅडमनी नाइलाजाने एक घेतली. मग दुसरी. चौथीला त्यांनी विचारलं, "लताबाई, अळू कुठून आणता हो? घशाला जराही खाजत नाही."

"आणायचं कशाला, मॅडम? त्या नळाखालीच लय माजलंय."

बाकीचे सदस्य एकदम छताकडे पाहू लागले. मॅडमनी बोटं पुसली आणि इतिवृत्ताची वही पुढे ओढली.

"ठराव एकमताने मंजूर," त्या म्हणाल्या. "तो नळ गळत नाही. ते आपलं ठिबक सिंचन आहे."