बदलीची बाई

टेबलासमोर एकच खुर्ची होती. तिच्यावर मोठी बहीण बसली, कारण नाव तिचं पुकारलं होतं. धाकटी दोघींच्या पिशव्या धरून मागे भिंतीला टेकून उभी राहिली.

डॉक्टरबाई नवीन होत्या. दुर्बिणीने तपासून तुकडा काढणारे डॉक्टर वेगळे, ते आज नव्हते. बाईंनी पुढ्यातला कागद वाचला, चष्मा काढून ठेवला आणि आवाज खाली आणला.

"हे बघा, स्पष्ट सांगते. पहिल्या तपासणीत पेशी बिघडलेल्या दिसल्या होत्या, म्हणून तुकडा काढला. त्यात कॅन्सर निघाला आहे. गर्भाशयाच्या तोंडाशी. लवकर सापडलाय, ऑपरेशनने बरा होण्यासारखा आहे. पण आता दिवस घालवायचे नाहीत."

धाकटीच्या हातातल्या पिशव्या एकदम जड झाल्या. तुकडा तिचा होता.

पहिली तपासणी मोठीचीच झाली होती. तो रिपोर्ट नेमका भावोजींच्या हाती लागला. त्यांनी बायकोचं अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं, पाण्याचा पेलाही वेगळा काढला. चांगला रिपोर्ट आण, मग बघू, म्हणाले. मोठीचा जीव टांगणीला लागला. पुन्हा वाईटच निघालं तर? मग तिने धाकटीला गळ घातली. "पुढच्या तपासणीला तू जा गं माझ्या नावाने. तुला काय धाड भरलीय? छान रिपोर्ट येईल, तो त्यांच्या तोंडावर फेकते."

दोघी एकाच लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करायच्या. मोठीला उशीर झाला की तिची हजेरी धाकटी लावायची. मोठीची कंबर धरली की तिची पाळीही धाकटीच करायची. मुकादम म्हणायचा, "एकीला कामावर घेतली, दुसरी फुकट मिळाली." नवऱ्याने टाकल्यापासून धाकटी बहिणीच्याच घरात राहत होती. नाही म्हणायला तिला तोंड नव्हतं. गेली. घरी येऊन म्हणालीही, "ताई, चिमटा घेतला गं मेल्यांनी." त्यावर मोठी म्हणाली, "कागदावर वाईट लिहिलंय ना, मग घेणारच. त्यात काय एवढं."

डॉक्टरबाईंनी पाण्याचा ग्लास मोठीपुढे सरकवला आणि तिच्या हातावर हात ठेवला.

"घ्या. हळूहळू प्या. घरी कोण कोण आहे?"

"आमचे हे आहेत. दोन मुलं आहेत," मोठी म्हणाली आणि पाणी पिऊ लागली.

धाकटी वाट बघत राहिली. घोट गिळला की सांगेल. ग्लास खाली ठेवला की सांगेल. मोठीने ग्लास रिकामा केला, तोंड पुसलं आणि मांडीवरच्या हातांकडे बघत बसली.

"मुलं लहान आहेत का?"

"शाळेत जातात."

"त्यांच्यासाठी तरी धीर धरायला हवा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"डॉक्टर, ते हिचं नाही." धाकटी भिंत सोडून टेबलापाशी आली. "माझं आहे. त्या दिवशी मी आले होते. हिच्या नावाने."

डॉक्टरबाईंना आधी उमगेना. दुसऱ्यांदा सांगितल्यावर उमगलं, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो, ही काय शाळेतली परीक्षा आहे, एकीने दुसरीचा पेपर द्यायला?"

"पेपर दिला खरा," धाकटी म्हणाली. "पास काही झाले नाही."

कोणी हसलं नाही. मोठी खुर्चीतून उठली. तिच्या चेहऱ्यावर परत आलेला रंग धाकटीने पाहिला. पाठोपाठ तिच्या तोंडून निघालं तेही ऐकलं.

"म्हणजे मला नाही ना काही?"

आपण काय बोलून बसलो ते तिचं तिला कळलं असावं. तिने घाईघाईने धाकटीच्या हातातल्या पिशव्या काढून घेतल्या. "बस गं, बस तू. किती वेळ उभी आहेस."

धाकटी बसली.

"तुम्हाला काय आहे ते कोणालाच माहीत नाही," डॉक्टरबाई मोठीला म्हणाल्या. "तुमची पहिली तपासणी वाईट आली आणि पुढची झालीच नाही. मधले सगळे दिवस वाया गेले. ती आत्ताच्या आत्ता करून टाकू." त्यांनी आतल्या खोलीत हाक मारून सांगितलं, तसं आत तपासणीची अवजारं वाजायला लागली.

मोठीचा रंग पुन्हा उतरला. "आज नको, डॉक्टर. यांना विचारून येते."

"बहिणीला पाठवलंत तेव्हा विचारलं होतं?"



आतला पडदा सरकला. हातमोजे चढवत नर्स दारात आली आणि तिने मोठीचं नाव पुकारलं.

मोठी जागची हलली नाही. पिशव्या पोटाशी घट्ट धरून तिने मान वळवली आणि धाकटीकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

आणि धाकटी खुर्चीतून अर्धी उठली.