हातात किती पडतो?

"बाई, पगार हातात किती पडतो?"

बँकेच्या खिडकीत काचेखालच्या फटीतून सुट्ट्या नोटा सरकवताना अक्षदाचा हात थांबला. समोरचा माणूस पन्नाशीचा, कडक इस्त्रीच्या शर्टातला.

"राग मानू नका. चांगल्या कामासाठी विचारतोय."

कळंबमध्ये नवरा नसलेल्या बाईला कुणी चांगल्या कामासाठी पगार विचारला, की त्याचा एकच अर्थ होतो. शिपाई सोमलिंगमामा लगोलग पुढं आले.

"अठरा हजार. दिवसभर लाखांनी हाताळती, पर घरी अठराच नेती. कॅश जुळल्याबिगर उठाय येत न्हाय, दिवेलागण होती घरी जायाला. पर माणूस सोनं हाय, पाव्हणं."

"आन् लेकरू?"

अक्षदानं मान वर केली. लेकराचं त्याला कुणी बोललं नव्हतं. पण कळंब ते केवढं. चौकशी करूनच आला असणार.

"आईजवळ असतं," ती काचेआडून पुटपुटली.

"बरं, बरं. मी बजरंग. आमच्या मेव्हण्यासाठी बघतोय. रविवारी येतो."

घरी आईनं, कस्तुराबाईंनी, ते ऐकलं आणि आधी देवापुढं साखर ठेवली. मागची दोन स्थळं पोरामुळंच मोडली होती.

"ह्या टायमाला पोराचं विचारलं तर सांग, माझ्यापाशी ठेवते म्हणून."

"आई, त्याला सोडून मी एक रात्र झोपले न्हाय."

"सोड म्हणतंय कोण? बैठकीत व्हय म्हणायचं असतं गं. म्या नव्हतं का सांगितलं, धा माणसाच्या भाकरी थापते म्हणून? लगीन झाल्यावर तुझा बाप बसला चुलीपुढं!"

अक्षदाला हसू आलं. चार वर्षांचा रुद्रेश तिच्या मांडीवर पेंगत होता. झोप यायला त्याला तिच्या कानाची पाळी लागायची, बोटांत धरायला.

नवरा कुलदीप अपघातात गेला आणि वर्षाच्या आत तिनं सासरची तामलवाडी सोडली. "जायचं तर जा, पोरगं आमचं हाय," असं सासरे आण्णासाहेब उंबऱ्यात म्हणाले होते. ती पोराला उचलूनच निघाली. मग पोराच्या ताब्यासाठी कोर्टाची भाषा झाली. अलीकडं मात्र तिकडून काही नव्हतं. "थकले," कस्तुराबाई म्हणायच्या. रुद्रेशला तिथलं एवढंच आठवायचं, की आज्जाच्या मांडीवर बसून पांढऱ्या गाडीचं स्टेअरिंग फिरवायचं. रस्त्यात दिसेल ती पांढरी गाडी त्याला आज्जाची वाटायची.

रविवारी बजरंग आला. सोबत त्याची बायको, अयोध्याबाई. गाडी त्यांनी गल्लीच्या तोंडाशीच लावली होती. मुलाचा फोटो आणायचा राहिला, म्हणे. मोबाईलवर पाठवतो. पोह्यांच्या बश्यांना दोघंही शिवली नाहीत.

"सोयरीक ठरल्याबिगर आमच्यात पाणी घेत न्हाईत," अयोध्याबाई म्हणाल्या.

कस्तुराबाईंना ते फार आवडलं. जुनी रीत पाळणारी माणसं.

अयोध्याबाईंनी पिशवीतून निळा सदरा काढून रुद्रेशच्या अंगाला लावला. बाही मनगटावर नेमकी आली.

"माप कसं काय जमलं हो?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"लेकराचं काय माप. अंदाज." मग त्या अक्षदाकडं वळल्या. "तू बँकेत असतीस. मग ह्याला भरवतं कोण?"

"आई."

"ताप आला, तर उशाला कोण बसतं?"

अक्षदा बोलायला गेली, की ताप आला तर मीच रजा टाकते. त्याआधी कस्तुराबाई बोलल्या. "मीच की! त्याचा काय घोर न्हाय तुमाला. आईवाचून खुशाल ऱ्हातंय."

बजरंग मांडी घालून ताठ बसला होता. शर्टाच्या खिशातून मोबाईल अर्धा वर आलेला. एवढ्या वेळात तो एकदाही वाजला नव्हता.

"आन् लग्नानंतर?" अयोध्याबाईंनी विचारलं.

रुद्रेश आईच्या मांडीवर येऊन बसला होता. त्याची बोटं तिच्या कानाशी आली. कस्तुराबाईंनी पदराआडून तिला कोपर मारलं.

"ठेवीन आईजवळ," अक्षदा म्हणाली.

"जरा मोठ्यानं बोल, पोरी. ह्यांना कमी ऐकू येतं. आन् नीट सांग, कुणाला ठेवशील ते."

बैठकीत म्हणायचंच असतं. मागनं आपलंच खरं करायचं.

"लग्न झालं, तर रुद्रेशला मी आईजवळ ठेवीन. सोबत नेणार न्हाय."

कानावरची बोटं निघाली. रुद्रेश तिच्या तोंडाकडं बघत राहिला. तिनं त्याला घट्ट धरलं आणि त्याच्या केसांत हळूच म्हटलं, "खोटं खोटं, राजा."

पाहुणे उठले. "कळवतो," बजरंग म्हणाला. चप्पल घालायला तो वाकला तसा खिशातला मोबाईल निसटून पायरीवर पडला. पडदा उजळलेला होता. त्यावर लाल ठिपक्यापुढं सेकंद पळत होते. त्यानं घाईनं उचलला, अंगठा दाबला आणि मागं न बघता निघाला.

अक्षदा रुद्रेशला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. कस्तुराबाई मागून म्हणत होत्या, "जमलं म्हण. चेहऱ्यावरच दिसतंय त्यांच्या."

गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी उभी होती. तिची मागची काच वीतभर खाली आली. बजरंगनं मोबाईल आत दिला. आतून एक हात आला आणि तो घेऊन गेला.

रुद्रेशनं कडेवरच उडी मारली, दोन्ही हात पुढं केले.

"आज्जा!"