शेवटची बांगडी

प्रमिला रावेरची, नुकतंच लग्न झालेली. प्रोग्रॅम तपासून यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या कम्पायलरच्या पेपरात एकदा नापास झालेली. यंदाही पेपर गेला, तर सासरचे जळगावला कॉलेजात पाठवणार नव्हते.

म्हणून मी वर्गात पुस्तक बाजूला ठेवलं, मुलींना बांगड्या वाटल्या आणि वेबपेजचे टॅग, म्हणजे पानाचा एकेक भाग उघडणाऱ्या आणि बंद करणाऱ्या खुणा, फळ्यावर लिहिले. "टॅग उघडला की मनगटात एक बांगडी चढवा, बंद झाला की वरची उतरवा. हा झाला स्टॅक. शेवटी हात मोकळा, तर पान बरोबर."

सगळ्यांना जमलं. प्रमिला मात्र दर पानाला म्हणे, "मॅडम, एक टॅग उघडाच राहतो."

"ही घरीसुद्धा फाटक उघडंच टाकते," मागून तिची शेजारीण लीला म्हणाली.

मी जवळ जाऊन पाहिलं. पान संपलं होतं, मनगटात एक हिरवी बांगडी होती.

"ही का नाही उतरवली?"

"ती आधीपासूनचीच आहे. सवाष्णीनं हात ओका ठेवू नये म्हणतात ना, मॅडम."

मी स्वतः सोमवार धरणारी. काढ म्हणायला जीभ रेटेना. "राहू दे. ती एकटी उरली, की पान बरोबर."

मग तिचं एकही पान चुकलं नाही.

घरी येऊन पुढचा धडा काढला. त्यात नियम होता: सुरुवातीलाच स्टॅकच्या तळाशी एक खूण ठेवावी, शेवटी तेवढीच उरली, तर प्रोग्रॅम बरोबर. आठ वर्षं मी तो मुलींकडून नुसता पाठ करून घेत होते.

दुसऱ्या दिवशी मी खडू प्रमिलाच्या हाती दिला आणि तिच्या बाकावर जाऊन बसले.