एक मिनिट शांतता

“खोलीत कुणाचा तरी श्वास ऐकू येतोय, सर. काढून टाकू?” संकलक शाल्मलीने विचारलं.

गिरिधर चरकला. हा सिनेमा त्याने आईच्याच घरात शूट केला होता. चाळीस दिवस ती बिचारी स्वतःच्या घरात चोरपावलांनी वावरली. भांडं वाजलं की हा खेकसायचा, “आई, गप्प!” नाटककार म्हणून त्याने कित्येक बायकांच्या तोंडी पानंच्या पानं संवाद घातले होते, आईला मात्र जीभ आवरायला लावली.

संवादांमधल्या फटी बुजवायला रिकाम्या खोलीची मिनिटभराची शांतताही रेकॉर्ड करतात. शूटिंगच्या शेवटच्या दिवशी ती शांतता टिपली, तेव्हा आई दाराशी उभी होती, तोंडावर पदर दाबून. त्यानंतर महिन्याभरात ती गेली.

“राहू दे,” म्हणत त्याने हेडफोन चढवला. तिचा दमेकरी श्वास अडखळत चालला होता. मिनिट संपता संपता ती भीत भीत पुटपुटली, “झालं का रे? आता बोलू?”

“बोल ना गं,” गिरिधर कळवळून म्हणाला.

हेडफोनमधून त्याचाच आवाज खेकसला, “कट!”