बिनकामाचा तुकडा

खुनी कोण, हे न पाहताच नत्थुजी आजही उठून चालते झाले. पडद्यावर पहिला खूनसुद्धा अजून व्हायचा होता.

"पाहा मास्तर, निघाला तुमचा रसिक," भगवंतराव अंधारात कुजबुजले.

शेषराव मास्तर गालात हसले. अमरावतीच्या त्या टॉकीजमध्ये रविवारी सकाळी इंग्रजी खेळ लागू लागले, तेव्हापासून मास्तरांनी एकही चुकवला नव्हता. नटांना मास्तरांच्या कंपूतल्या मंडळींनी घरचीच नावं ठेवली होती. बारीक डोळ्यांचा खलनायक तो मिचक्या, आणि झोपतानाही हॅट काढत नसेल असा नायक तो टोपीराव. खेळ सुटला की समोरच्या हॉटेलात मिचक्या मोठा की टोपीराव, यावर चहा थंड व्हायचा. शेवटचा शब्द मात्र मास्तरांचा. "नट म्हंजे बाहुल्या. दोरी कोनाच्या हातात हाये थे पाहा. डायरेक्टर पाहा!" शाळेत मास्तरांचं कोणी ऐकत नसे, ती गोष्ट वेगळी.

नत्थुजी मूर्तिजापूरकडचे. धोतर, खांद्यावर घोंगडी, इंग्रजीचा गंध नाही. हाच हिऱ्यांच्या चोरीचा खेळ पाहताना ते भगवंतरावांना अकोल्यातही दिसले होते. आता खेळाच्या मागोमाग अमरावतीला आले. इथंही तीच तऱ्हा. नायिका स्टेशनात उतरते, हमाल तिची पेटी डोक्यावर घेतो, दोघं गर्दीतून बाहेर पडतात, की नत्थुजी उठले.

खेळ सुटल्यावर ते टॉकीजच्या पायरीवर बिडी ओढत बसलेले सापडले.

"काय नत्थुजी, गोरी बाई गाडीतून उतरली का तुमचा शिनेमा खतम?" भगवंतरावांनी चिमटा काढला.

म्हातारा ओशाळून हसला. "पुढच्या आयतवारी हाये न खेळ? म्हातारीले आनतो म्हंतो. तिनं शिनेमा कधी पायलाच नाई."

"अन् घरी कोन कोन?" मास्तरांनी विचारलं.

"मी न् थे. पोरगा होता. ममईले कामाले गेला, तिकडंच गेला."

मास्तरांना गलबलून आलं. दुःख विसरायला येतो बिचारा. गोऱ्या बाईला पाहून घटकाभर जीव रमत असेल, तर रमो.

"आना त्यायले," मास्तर म्हणाले. "चांगल्या खुर्च्या धरून ठेवतो."

पण पुढच्या रविवारचाच भरवसा नव्हता. इंग्रजी खेळ लांबला की दुपारच्या हिंदी खेळाची गर्दी दारावर धडका देई. शनिवारी संध्याकाळी टॉकीजच्या मालक शेटजींनी मॅनेजरला बजावलं, उद्या बाराच्या आत टॉकीज रिकामी झाली नाही, तर इंग्रजी खेळ कायमचे बंद. मॅनेजर धावत हॉटेलात आला.

"मास्तर, तुमीच सांगा काय कापू. मले तर त्यातलं ओ की ठो समजत नाई."

मास्तरांचा चेहरा उतरला. आठवडाभर टारगट पोरांपुढं घसा फोडायचा, तो या एका सकाळच्या आशेवर. ती सकाळच गेली तर उरलं काय?

मंडळी कामाला लागली. मिचक्याचा जिन्यावरचा पाठलाग? छे, तो तर खेळाचा प्राण. टोपीरावाचं गाणं? भगवंतराव खुर्चीतून उठलेच. मास्तर डोळे मिटून बसले होते, ते म्हणाले, "स्टेशन काढा."

"सारंच्या सारं?"

"डायरेक्टर हिंदुस्थानात येऊन गेला, हे दाखवाले त्यानं उगंच गर्दी भरली. आपली गर्दी आपन रोजच पायतो. थे पाहाले इंग्रजी खेळ कायले पाह्यजे? बाई एकदम हॉटेलात दाखवा. कोनाले पत्ताबी नाई लागत."

ऑपरेटरनं तुकडा कापला. तो पुन्हा जोडून ठेवायची रीत, पण खेळाचा हा शेवटचा मुक्काम, पुढं सगळं रद्दीतच जायचं. थंडी मरणाची होती. ऑपरेटरनं तो तुकडा टॉकीजमागं पेटवलेल्या शेकोटीत टाकला आणि तो भपकन पेटला. मंडळींनी हात शेकून घेतले.

रविवारी नत्थुजी आले. मागून पार्बताबाई, नवं लुगडं नेसलेली, नवऱ्याच्या घोंगडीचं टोक मुठीत धरून. मास्तरांनी दोघांना स्वतः नेऊन बसवलं.

खेळ सुरू झाला. बाई एकदम हॉटेलात. टॉकीजमध्ये कोणालाच काही खटकलं नाही. मास्तरांनी भगवंतरावांना कोपरानं ढोसलं. आज नत्थुजी उठले नाहीत. खून झाले, पाठलाग झाला, मिचक्या जिन्यावरून कोसळला, तरी दोघं पडद्याकडे टक लावून बसूनच होते. बाराच्या आत दिवे लागले. दारात शेटजी चक्क हसले. इंग्रजी खेळ वाचले होते.

मास्तर आनंदात म्हाताऱ्यापाशी गेले. "काय नत्थुजी, आज सापडला ना खुनी?"

नत्थुजी उठले नाहीत. "मास्तर, थे टेसनाचं आज दाखोलं नाई?"

"थे होय! कापलं थे. मीच कापाले लावलं. काई कामाचं नव्हतं."

नत्थुजींना बायकोकडे पाहवेना.

पार्बताबाई अजून कोऱ्या पडद्याकडेच पाहत होती. तिनं नवऱ्याची घोंगडी हळूच ओढली.

"काहो," ती म्हणाली, "बाईची पेटी डोक्शावर घेऊन आपला देवमन कवा येते?"