वर्षभराचं वचन

प्रार्थनेसाठी सगळ्यांचे डोळे मिटले, तेव्हा लताबाईंनी आपले उघडे ठेवले. शेजारी त्यांची धाकटी जाऊ साधना मान खाली घालून बसली होती. तिची घडी घातलेली चिठ्ठी मांडीवरच्या गीतांच्या पुस्तकावर होती. लताबाईंनी ती उचलली आणि तिथे हळूच आपली ठेवली. पाळकसाहेब आमेन म्हणेपर्यंत काम झालं होतं.

नाशिकच्या शरणपुरातल्या त्या चर्चमध्ये एक जानेवारीच्या सकाळी चिठ्ठ्यांचं ताट फिरे, प्रत्येक चिठ्ठीवर बायबलमधलं एक वचन. ज्याला जी चिठ्ठी येईल ती त्यानं उभं राहून मोठ्यानं वाचायची. तेच त्याचं वर्षभराचं वचन. लताबाईंना हटकून जीभ आवरण्याविषयीचं काहीतरी यायचं. गेली दोन वर्षं साधनाला मात्र अशी वचनं येत होती की ऐकणाऱ्याचे डोळे भरावेत. एका वर्षी, देव आईचं रडणं ऐकतो. दुसऱ्या वर्षी, लताबाईंचा पाय मोडलेला असताना, थकलेल्याला तो बळ देतो. माप माझं घ्यायचं आणि ब्लाउज हिला शिवायचा, हा कुठला न्याय? लताबाई आतून जळत होत्या. माणसं हिच्या बाजूची होतीच, आता देवही गेला.

या जळण्याचं मूळ दीपक होता, त्यांचा एकुलता एक मुलगा. अडीच वर्षांपूर्वी भांडणात त्या त्याला बोलून गेल्या होत्या, पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणून. त्यानं ते पाळलं. जाताना चार घास मात्र काकूकडे खाऊन गेला. आईनं हाकललेल्याला काकूनं वाढलं, हे लताबाईंना सहन झालं नाही. दारं शेजारी, चर्चमधला बाकही एकच. पण त्या दिवसापासून त्या साधनाशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. २००३ साल उजाडताना त्यांना एवढंच हवं होतं, मुलगा परत येईल असं एखादं वचन. आणि चांगलं वचन साधनालाच येतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

यंदा सगळ्या चिठ्ठ्या शलमोन राजाच्या शहाणपणाच्या बोलांतून लिहिल्यात, असं पाळकसाहेबांनी सांगितलं. माणसानं कसं बोलावं, कसं वागावं, याच्या चिठ्ठ्या.

साधना उभी राहिली. तिनं चिठ्ठी उघडली, क्षणभर पाहिली आणि स्वच्छ आवाजात वाचलं, की आता रडणं थांबव, दूर गेलेलं तुझं लेकरू आपल्या गावी परत येईल. पाळकसाहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

लताबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. ते वचन त्यांना आलं होतं आणि त्यांनी ते आपल्या हातानं हिच्या मांडीवर ठेवलं होतं. स्वतःच्या हातातली चिठ्ठी उघडली, तर पुन्हा तेच, जीभ आवरण्याचं. ती भराभर वाचून त्या खाली बसल्या.

बाहेर उन्हात लोक एकमेकांचे हात हातात घेऊन शुभेच्छा देत होते. लताबाई गर्दीतून तडक साधनासमोर गेल्या.

"ती चिठ्ठी दे. माझी आहे ती."

अडीच वर्षांतलं हे त्यांचं पहिलं बोलणं. माझी चिठ्ठी तुमची कशी, असं साधनानं विचारलं नाही. तिनं मूठ फक्त पाठीमागे नेली. लताबाईंनी ती ओढून उघडली आणि चिठ्ठी वाचली. आळशी माणसानं मुंगीकडे बघून शहाणं व्हावं, एवढंच लिहिलं होतं. लेकराचं नाव नव्हतं. त्यांनी चिठ्ठी उलटून पाहिली. मागची बाजू कोरी होती.

"मग तू वाचलंस ते काय?"

"पाठ केलं होतं. दर वर्षी करते," साधना म्हणाली. "एरवी तुम्ही माझं ऐकून घेत नाही, ताई. इथून तुम्हाला उठून जाता येत नाही."